दहा वर्षांचं कर्ज काढण्याआधी: शेतकरी कंपनीसाठी भविष्यवेध कसा घ्यायचा

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीपुढे पॅकहाऊस (माल निवडून पेट्या भरायची जागा) आणि शीतगृहाचा प्रकल्प अहवाल आला, तेव्हा त्यातल्या तक्त्यात पुढची दहा वर्षं निर्यात दरवर्षी सारख्याच टक्क्यांनी वाढत गेली होती. टेबलाभोवती बसलेले सगळे निफाड तालुक्यातले, द्राक्ष आणि कांदा करणारे. असं एकसारखं चढत गेलेलं सलग दहा वर्षांचं पर्व आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. तरी तक्त्यावर बोट ठेवून नेमकं काय विचारायचं ते कुणाला सुचेना. पुढच्या पाच महिन्यांत आम्ही ते विचारायला शिकलो. त्या कामाला स्ट्रॅटेजिक फोरसाइट म्हणतात, मी भविष्यवेध म्हणतो. पहिल्या खेपेला आमचे दोन महिने चुकीच्या वाटेनं गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. पतसंस्था, दूध संघ, शिक्षण संस्था, कुणालाही हीच रीत चालेल, उदाहरणं तेवढी आपली घाला.

आधी एक गैरसमज दूर करू. हे भाकीत नाही. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे लोक कान लावून बसतात ते एका उत्तरासाठी: यंदा पाऊस किती, पीक कसं. भविष्यवेधात तीन-चार वेगवेगळी उत्तरं एकाच वेळी समोर ठेवायची आणि विचारायचं, की आज घेतलेला निर्णय यातल्या कितींत तग धरेल?

शेल या तेल कंपनीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर वाक आणि त्यांचे सहकारी हेच करत होते. तेल स्वस्तच राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असताना, उत्पादक देश एकजुटीनं भाव वाढवतील तेव्हाचं चित्रही त्यांनी आपल्या वरिष्ठांपुढे मांडलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत पिंपामागचा भाव साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. शेलच्या माणसांनी तारीख सांगितलेली नव्हती. पण तो दिवस उजाडला तेव्हा त्या परिस्थितीचा त्यांनी आधी एकदा विचार केलेला होता. फिनलंडच्या संसदेत या कामासाठी १९९३ पासून समिती आहे, सिंगापूर सरकारनं २००९ मध्ये स्वतंत्र केंद्र काढलं. त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. आमच्याकडे एक पत्र्याचं शेड आणि भिंत होती, आणि तेवढ्यावर भागलं.

सुरुवातीला काय जमवायचं

कागद:
- मागच्या किमान दहा वर्षांची विक्री, महिनावार आणि गिऱ्हाईकवार
- सभासदांची यादी: वय, क्षेत्र, पाण्याचा स्रोत, घरात पुढे शेती करणारं कुणी आहे का
- नाकारलेल्या किंवा परत आलेल्या मालाचे कागद, रेसिड्यू रिपोर्टसह (मालात औषधांचे किती अंश उरले त्याचा अहवाल)
- नुकसानीचे पंचनामे आणि विम्याचे दावे
- चालू कर्जं आणि हप्त्यांचं वेळापत्रक

सामान: ब्राऊन पेपरचा रोल, तीन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या, जाड मार्कर, एक मोकळी भिंत आणि एक दोनशे पानी वही. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

सभासदांची वयं आमच्याकडे कुठेच लिहिलेली नव्हती. ती गोळा करायलाच तीन आठवडे गेले, आणि सगळ्या कागदांत तोच सर्वात उपयोगी निघाला.

१. प्रश्न आणि वर्ष ठरवा

आमचा पहिला प्रश्न होता, ‘शेतीचं भविष्य काय?’ त्यावर दोन बैठका झाल्या, चहा झाला, हाती काही आलं नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नावर प्रत्येक जण आपलं नेहमीचं भाषण करतो.

प्रश्न असा हवा, की त्याच्या उत्तरावर कुणाला तरी सही करायची आहे. आमचा शेवटी असा झाला: ‘२०३५ पर्यंतचा विचार करता निर्यातीसाठीचं मोठं पॅकहाऊस आणि शीतगृह एकदम बांधावं, टप्प्यानं बांधावं, की बांधूच नये?’ वर्ष कर्जाच्या मुदतीवरून आलं. तुमच्याकडे इमारत, यंत्र, नवी शाखा, नवा अभ्यासक्रम असं जे असेल, त्याचे पैसे जितकी वर्षं अडकणार तितकं तरी पुढे बघा. दोन वर्षांचं बघायचं असेल तर साधं अंदाजपत्रक पुरतं.

२. माणसं निवडा

बारा ते पंधरा पुरेत. नुसते संचालक बसवू नका, ते एकमेकांचं म्हणणं आधीच ओळखून असतात. आमच्याकडे चार संचालक, हिशेब बघणारी मुलगी, दोन तरुण सभासद, काटा सांभाळणारा, एक औषध विक्रेता, जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, प्रतवारीच्या बायकांची मुकादम आणि कंपनी सोडून व्यापाऱ्याला माल देणारा एक जुना सभासद होता. त्या शेवटच्या माणसाला बोलावण्यावरून वाद झाला. मी हट्ट धरला, आणि आजही धरीन. जो सोडून गेला त्याला आपल्या घरातली भेग दिसलेली असते.

बैठक चालवायला बाहेरचा माणूस घ्या. आम्ही गावातल्या हायस्कूलच्या भूगोलाच्या सरांना विनंती केली. अध्यक्षांनी स्वतः चालवली तर अण्णा काय म्हणतात ते ऐकून मगच बाकीचे बोलतात.

वेळही बघा. द्राक्षवाल्यांना जुलै-ऑगस्ट बरा: खरड छाटणीनंतरची धावपळ सरलेली असते, ऑक्टोबर छाटणी लांब असते, आणि निघालेलं सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे ठेवता येतं. माल निघत असताना दोन दिवस कुणी देणार नाही.

३. पुढे बघण्याआधी मागे बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आम्हीही गाळली होती, आणि ते दोन महिने वाया गेले ते यामुळेच.

जितकी वर्षं पुढे बघायची, निदान तितकी मागची भिंतीवर मांडा. भिंतीवर लांब कागद लावून वर्षं लिहा आणि प्रत्येकानं ‘ज्यानं आपला हिशेब बदलला’ ते त्या वर्षाखाली चिकटवायचं. आमच्या भिंतीवर आलं ते असं: २०१० मध्ये युरोपात द्राक्षात सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी. १ जून २०१७ पासून शेतकरी संप. मार्च २०२०, ऐन काढणीत लॉकडाऊन. नोव्हेंबर २०२३च्या शेवटी पुन्हा गारपीट.

आणि कांदा. निर्यातबंदी सप्टेंबर २०१९. निर्यातबंदी सप्टेंबर २०२०. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, पाठोपाठ डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये.

तिन्ही बंद्यांच्या चिठ्ठ्या लाल रंगाच्या होत्या. हिशेबाच्या ताईनं मार्करनं त्या एका रेषेनं जोडल्या आणि म्हणाली, “काका, आपण तिन्ही वेळा इतिवृत्तात ‘अचानक’ असंच लिहिलंय.” तिनं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडून दाखवलं. खरंच तसं होतं. पाच वर्षांच्या आत तीनदा झालेली गोष्ट आम्ही दर खेपेला अपवादात टाकली होती, आणि प्रकल्प अहवालातल्या चढत्या तक्त्यात तर ती एकदाही नव्हती.

सापळा: या पायरीवर सरकारला, व्यापाऱ्याला, हवामानाला दोष देण्यात दिवस जातो. राग खराच असतो, तो अडवू नका. पण अर्ध्या तासानंतर दुसरा प्रश्न टाका: ‘हे होणार याची चाहूल आपल्याला कधी लागायला हवी होती? कुठे लागली असती?’

४. चाहूल टिपा

आता दोन महिने प्रत्येकाला एक काम: बदलाच्या बारीकसारीक खुणा टिपायच्या. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागेत, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं आपल्याच घरात होती. बारकाईनं बघायची सवय आपल्याकडे आहेच, ती आता बाजार, मजूर, पाणी, तंत्र, कायदा आणि माणसांच्या आवडीनिवडींकडे वळवायची.

नोंद एका ओळीची: काय पाहिलं, कुठे, कधी, आणि हेच वाढत गेलं तर आपल्यावर काय परिणाम. ‘महागाई वाढतेय’ ही नोंद नव्हे. ‘नाशिकच्या दुकानात अर्धा किलोच्या डब्यातली द्राक्षं सुट्या द्राक्षांच्या आधी संपली’ ही नोंद.

फक्त वर्तमानपत्रं आणि व्हॉट्सॲपवरून टिपू नका. तिथे येतं ते सगळ्यांना एकदमच कळतं. आमची सर्वात मोलाची चाहूल बागेत मिळाली. विरळणी चालू होती. सुरगाण्याच्या टोळीतली एक मावशी डाव्या तळहातावर घड तोलून कातरीच्या टोकानं आतले दाट मणी काढत होती. मी सहज विचारलं, यंदा पोरी दिसत नाहीत? हात न थांबवता ती म्हणाली, “पोरी आता येत नाहीत दादा. एक नर्सिंगला गेली, दोघी सातपूरला कंपनीत. आमचे हात आहेत तोवर आहेत.” मी टोळीकडे नीट पाहिलं. तिशीच्या आतली एकही बाई नव्हती. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या या हातांवर आमची निम्मी शेती उभी आहे, आणि प्रकल्प अहवालात मजुरीचा एकच आकडा होता, तोही कमी-जास्त न होणारा.

दोन महिन्यांत आमच्या वहीत नव्वदेक नोंदी झाल्या. त्यातल्या वीस कामाच्या निघाल्या. हे प्रमाण ठीक आहे.

५. ठरलेलं वेगळं काढा, अनिश्चित वेगळं

सगळ्या नोंदी भिंतीवर लावा आणि दोन ढीग करा.

पिएर वाक यांनी यासाठी गंगेचा दाखला दिला होता: वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग काशीला काही दिवसांच्या अंतरानं पूर येणारच, ते भाकीत नाही, पडून गेलेल्या पावसाचा हिशेब आहे. आपल्याला गंगेपर्यंत जायला नको. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकला रामकुंडावर लोक दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी कुठवर चढलं. तेच पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरला आणि तिथून पैठणला नाथसागरात जातं. नाशिकचा पाऊस पाहिलेल्या माणसाला पैठणला पाणी येणार हे सांगायला ज्योतिष लागत नाही.

तसा पडून गेलेला पाऊस कुठला, तो पहिला ढीग. आमच्या यादीत: सभासदांची वयं (ती दहा वर्षांनी दहानं वाढणारच), टोळ्यांचं आटणं, उर्वरित अंशांचे कडक होत जाणारे नियम, बेभरवशाचा अवकाळी. हे प्रत्येक चित्रात धरायचं, त्यावर वाद नाही.

दुसऱ्या ढिगात खरोखर कुठेही झुकू शकेल ते. त्यातून दोनच निवडा: ज्यांचा आपल्या प्रश्नावर सर्वात जास्त परिणाम होईल आणि ज्यांच्याबद्दल आपल्याला सर्वात कमी खात्री आहे. आम्ही घेतले ते:

- निर्यातीचं धोरण स्थिर राहतं, की दार उघड-बंद होत राहतं
- देशातलं गिऱ्हाईक प्रतवारीला वेगळे पैसे मोजतं, की सगळा माल एकाच भावात जातो

सापळा: आपल्या हातातली गोष्ट इथे घ्यायची नाही. ‘सभासद आपल्याला माल देतात की नाही’ हा आम्ही आधी घेतलेला मुद्दा होता. सरांनी तो काढायला लावला. सभासदांचा विश्वास हे कंपनीचं काम आहे, ते नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही.

६. चार चित्रं लिहा आणि त्यांना नावं द्या

दोन अनिश्चित गोष्टी एकमेकींना आडव्या-उभ्या मांडल्या की चार खण होतात. प्रत्येक खणात २०३५चं एक चित्र. आमची अशी:

‘दोन्ही दारं उघडी’: निर्यात सुरळीत, देशातही प्रतवारीला भाव.
‘सातासमुद्रापार’: निर्यात सुरळीत, देशात मात्र सगळा माल सरसकट.
‘घरचं ताट’: निर्यातीचा भरवसा नाही, पण शहरातलं गिऱ्हाईक चांगल्या मालाला पैसे देतं.
‘चाळीतला कांदा’: दोन्हीकडे अडचण, माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, पडून.

नावांवर वेळ घालवा, तो फुकट जात नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपत असताना, १९९१-९२ मध्ये, वेगवेगळ्या गटांतली माणसं केप टाऊनजवळच्या माँ फ्लर इथे जमली आणि त्यांनी देशाच्या चार शक्यता पक्ष्यांच्या नावानं मांडल्या: वाळूत डोकं खुपसलेलं शहामृग, लंगडं बदक, सूर्याजवळ जाऊन पडणारा ग्रीक पुराणकथेतला इकारस, आणि सगळे मिळून सावकाश उडणारे फ्लेमिंगो. इकारस पक्षी नव्हे, पण पंख त्यालाही होते. नावं अशी होती की ती चर्चा चार भिंतींबाहेर लोकांत गेली. आमच्याकडेही आता कुणी ‘पर्याय क्रमांक चार’ म्हणत नाही. ‘चाळीतला कांदा झाला तर?’ एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं.

प्रत्येक चित्र दीड-दोन पानं, वर्तमानकाळात लिहा. त्यात माणूस असू द्या: २०३५च्या फेब्रुवारीत एक सभासद सकाळी उठतो, त्याच्या बागेत कोण काम करतंय, गाडी कुठे भरतेय, हप्त्याची तारीख कधी आहे. लिहिताना एकेक गोष्ट मधोमध ठेवून ‘मग काय होईल?’ असं तीनदा विचारत जा. टोळी येत नाही; मग विरळणी उशिरा; मग मण्यांचा आकार बसत नाही; मग निर्यातीचा माल देशी बाजारात. आमच्या चारही चित्रांत हीच साखळी निघाली.

दोन सापळे इथेच आहेत. पहिला: उत्तम, मध्यम, वाईट अशी तीन चित्रं काढणं. सगळे मधलं धरतात आणि काम तिथेच संपतं. दुसरा: ‘यातलं कुठलं होण्याची शक्यता किती टक्के?’ हा प्रश्न. बँकेतले साहेब तो सारखा विचारत होते आणि त्यांच्या जागी तो रास्त होता. पण टक्के लावले की बाकीची तीन चित्रं कुणी उघडत नाही. चारही घडू शकतात एवढंच पक्कं धरा.

७. निर्णय कसाला लावा

सोनं कसोटीवर घासतात तसा प्रत्येक पर्याय चारही चित्रांवर घासा. डावीकडे पर्याय, वर चित्रांची नावं, प्रत्येक खणात दोन ओळी: हप्ता निघतो का, आणि नाही निघाला तर बाहेर पडायला वाट आहे का.

मोठं निर्यात पॅकहाऊस ‘दोन्ही दारं उघडी’ आणि ‘सातासमुद्रापार’मध्ये झकास चाललं. ‘घरचं ताट’मध्ये अर्धं रिकामं राहिलं. ‘चाळीतला कांदा’मध्ये दुसऱ्याच वर्षी हप्ता थकला आणि सभासदांच्या भागभांडवलाला हात लावायची वेळ आली. काहीच न बांधणं फक्त एका चित्रात शहाणपणाचं ठरलं. टप्प्यानं बांधण्याला कुठेच सर्वात जास्त नफा नव्हता, पण तो पर्याय एकाही चित्रात बुडाला नाही. पहिल्या टप्प्यात प्री-कूलिंग (काढलेला माल लगेच थंड करायची सोय) आणि देशी डबा व निर्यातीची पेटी दोन्ही भरता येईल अशी प्रतवारीची लाइन, शीतगृह तूर्त भाड्यानं, जागा मात्र दुसऱ्या टप्प्यापुरती आखून ठेवलेली. मंडळानं तेच मंजूर केलं.

याच वेळी चारही चित्रांत उपयोगी पडतील अशी कामं वेगळी काढा. ती लगेच सुरू करता येतात. आमची तीन निघाली: हवा खेळती राहील अशा कांदाचाळी, तडे गेलेल्या किंवा न उठलेल्या द्राक्षांसाठी बेदाणा शेडशी आधीच करार, आणि टोळ्यांसाठी राहण्याच्या खोल्या व पाणी. तिसरं काम खरं तर कधीच व्हायला हवं होतं.

८. खुणा ठरवा, माणूस नेमा

चार चित्रांपैकी आपण कुठल्याकडे सरकतोय ते कळायला पाच-सहा खुणा पुरेत. प्रत्येक खुणेपुढे तीन गोष्टी हव्यात: कोण बघणार, किती झालं की घंटा वाजवायची, आणि वाजली की काय करायचं. उदाहरणार्थ: सलग दोन हंगाम निर्यातीत धोरणाचा अडथळा आला नाही, तर दुसऱ्या टप्प्याचा विषय मंडळापुढे ठेवायचा. देशी डब्यांची मागणी विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली, तर त्यासाठी वेगळा माणूस नेमायचा. टोळ्यांची आगाऊ उचल एका वर्षात दीडपट झाली, तर मजुरीचा हिशेब नव्यानं मांडायचा.

‘लक्ष ठेवावे’ असा ठराव करू नका. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

९. वर्षातून एकदा उघडा

अहवाल बारा पानांचा करा, आणि त्याची एक प्रत कर्जाच्या फायलीतच लावा, म्हणजे कर्जाबद्दल बोलताना चित्रं आपोआप समोर येतात. दर ऑगस्टला अर्धा दिवस त्याच माणसांनी बसायचं, दोन जुनी बदलून दोन नवी घ्यायची. तीन वर्षांनी चित्रं नव्यानं लिहायची. सल्लागार नेमायचा असेल तर नेमा, पण लिहायचं काम त्याच्यावर सोडू नका. दुसऱ्यानं लिहिलेलं चित्र कुणाच्या डोक्यात राहत नाही.

चाहूल टिपायची वही मात्र वर्षभर चालू हवी. अहवाल झाल्यावर आमची काही महिने कार्यालयातल्या कपाटात पडून होती आणि तेवढ्यात एकही नवी नोंद झाली नाही. आता ती काट्याशेजारच्या टेबलावर असते, दोरीनं पेन बांधलेलं. गाडी काट्यावर चढल्यापासून पावती हातात पडेपर्यंत माणसाला तीन-चार मिनिटं उभं राहावं लागतं. बहुतेक नोंदी तेवढ्या वेळात होतात.